मिरज–सांगली लोकलसाठी महापौर निधी आणू शकतात का?

सांगली-मिरज-कुपवाडच्या महापौरांनी मनावर घेतले तर मिरज–सांगली लोकल रेल्वेसाठी निधी मिळेल का, असे आपण विचारले आहे. त्यांच्या अधिकारात तो निधी येत नाही. परंतु रेल्वेच्या कामातील जो भाग शहराच्या रस्त्यांशी जोडलेला असतो, तो महापालिकेच्या सभागृहाच्या पाठपुराव्यावर बराच अवलंबून असतो, आणि माझ्या मते आपण महापौरांना जाब विचारायचा तो याच भागाबद्दल.

रेल्वे हा राज्यघटनेच्या संघसूचीतील विषय आहे. पुणे–मिरज दुहेरीकरणासारख्या कामांचे पैसे केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतात, आणि राज्याला सहभागी व्हायचे असेल तर ‘महारेल’सारख्या, राज्य शासन व रेल्वे मंत्रालय यांच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या कंपनीचा मार्ग आहे. आपल्याकडचा महापौर नगरसेवकांमधून अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि १९४९ च्या महापालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, त्यामुळे रेल्वेच्या दारात तो मागणी घेऊन जाऊ शकतो, धनादेश घेऊन नव्हे.

तरीही ही मागणी सातत्याने लावून धरणारा माणूस लागतो, आणि आपले शहर नेमके तिथे कमी पडले. २०१८ मध्ये ७८ पैकी ४१ जागा जिंकून भाजप सत्तेवर आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच सभागृहात काही मते फुटली आणि राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी महापौर झाले. मतदारांनी दिलेला कौल सभागृहात असा बदलला, की कोणत्या पक्षाला कशाबद्दल जबाबदार धरावे हेच नागरिकांना कळेनासे होते. पुढे जून २०२३ मध्ये दुहेरीकरणासाठी चिंतामणीनगरचा जुना रेल्वे उड्डाणपूल पाडण्यात आला, आणि दोनच महिन्यांत सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले. माधवनगर रस्त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांना वळसा पडत होता, पण ज्याच्या घरी जाऊन विचारावे असा एकही नगरसेवक पदावर नव्हता. मला ही गोष्ट आजही सलते.

लोकलची कल्पना मात्र अजिबात अवास्तव नाही. सांगली, विश्रामबाग आणि मिरज ही तिन्ही स्थानके एकाच मार्गावर, काही किलोमीटरच्या अंतरात आहेत. नवा मार्ग टाकावा लागणार नाही. गाड्यांच्या वेळा, डबे आणि मिरज जंक्शनवरील फलाटांची उपलब्धता हे प्रश्न सोडवावे लागतील, आणि ते मध्य रेल्वेच्या पुणे विभागाकडे मांडावे लागतील. तेव्हा महापौरांना भेटाल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा: विश्रामबाग स्थानकाकडे जाणारे रस्ते, दिवे व गटारे यांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद, आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांच्या मागणीचा महासभेचा ठराव. तो ठराव खासदारांमार्फत रेल्वेकडे पाठवावा आणि त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.