सही २०२० ची, वसुली २०२३ च्या कर्जाची

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझी पाच एकर कोरडवाहू शेती आहे. २०२० च्या दिवाळीत गावातल्या दोस्तानं किराणा दुकानासाठी तालुक्याच्या एका पतसंस्थेतून ३ लाखांचं कर्ज काढलं. मी आणि गावच्या शाळेतले एक गुरुजी जामीनदार झालो. संस्थेनं माझे दोन कोरे चेकही सही करून घेतले. दुकान चाललं नाही. दोस्त चाकणला कंपनीत गेला म्हणतात, फोन लागत नाही. आता सहायक निबंधकांच्या ऑफिसातून कलम १०१ ची नोटीस आली. त्यात ‘कर्ज दिनांक ३१ मार्च २०२३, कर्ज रक्कम ३,९०,००० रुपये, एकूण येणे ५,४८,००० रुपये’ असं लिहिलं आहे आणि जाबदार क्रमांक २ म्हणून माझं नाव आहे. संस्थेचा वसुलीवाला घरी येऊन सांगून गेला, सध्या पाच हजार तरी भरा, नाहीतर सीसीआयचे (सरकारी कापूस खरेदीचे) पैसे आले की खातं होल्ड करतो. मी तर त्या कर्जातला एक रुपया पाहिला नाही. लोक म्हणतात शेत बायकोच्या नावानं करून टाक. माझं शेत जाईल काय? काय करू, सांगजा.

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही नोटिशीतून नुसती उतरवून पुढे गेलात. तुम्ही सही केली २०२० च्या दिवाळीत, ३ लाखांच्या कर्जाला. नोटीस आहे ३१ मार्च २०२३ च्या, ३,९०,००० रुपयांच्या कर्जाची. ही दोन वेगळी कर्जं आहेत. तुमचं प्रकरण कसं लढायचं, हे या दोन तारखांवरून ठरेल.

आपल्याकडे याला ‘जुनं-नवं’ म्हणतात. मार्चअखेर आली, थकबाकी जास्त दिसू लागली की संस्था थकीत कर्जदाराला बोलावते, त्याच्या नावानं नवं कर्ज मंजूर करते आणि त्याच दिवशी त्या पैशातून जुनं खातं भरून घेते. हातात कुणालाच काही मिळत नाही. कागदावर जुनं कर्ज फिटतं आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळून नवं, मोठं कर्ज उभं राहतं. तुमच्या दोस्ताचं ३ लाखांचं कर्ज व्याजासह ३,९०,००० झालं आणि ३१ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नवं झालं, असा माझा अंदाज आहे. खातेउतारा हाती आला की जुन्या खात्यावर त्याच तारखेला पूर्ण जमा आणि नव्या खात्यावर तेवढंच नावे, अशा दोन नोंदी समोरासमोर दिसतील.

आता कायदा पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १३३ सांगतं की, जामीनदाराच्या संमतीशिवाय सावकार आणि कर्जदार यांनी कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरता जामीनदार मोकळा होतो. इथे तर नुसती अट बदललेली नाही, जुनं कर्जच संस्थेनं स्वतःच्या हातानं फिटलेलं दाखवलं आहे. जे कर्ज फिटलं त्याचा जामीन उरत नाही, आणि जे नवं दिलं त्याला तुमची सही नसेल तर त्याचे जामीनदार तुम्ही नाही.

हे सगळं एका ‘तर’वर अवलंबून आहे: ३१ मार्च २०२३ च्या कागदांवर तुमची सही नसेल तर. नीट आठवा. त्या सुमारास दोस्त किंवा संस्थेचा माणूस ‘नूतनीकरणाचा कागद आहे’ म्हणून घरी आला होता का? अशा सह्या शेताच्या बांधावर, मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून होतात आणि माणूस विसरून जातो. सही केली असेल तर मला किंवा तुमच्या वकिलाला ते खरं सांगा. तुम्ही सही केलीच नसताना कागदावर तुमच्या नावाची सही असेल, तर ती आपली नाही हे पहिल्याच तारखेला लेखी मांडायला हवं. उशिरा मांडलं की कुणी विश्वास ठेवत नाही.

संस्था यावर काय म्हणेल तेही सांगतो. २०२० च्या जामीनपत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असू शकतं की कर्जाचं नूतनीकरण झालं, मुदत वाढली, तरी जामीन कायम राहील. कलम १२९ खाली चालू राहणारा जामीन घेता येतो, आणि कलम १३३ चा हक्क जामीनदाराकडून आधीच सोडवून घेणारी वाक्यंही बहुतेक छापील नमुन्यांत असतात. म्हणून जामीनपत्राची पूर्ण प्रत, मागच्या पानासह, वाचल्याशिवाय मी तुम्हाला ‘सुटलात’ असं सांगणार नाही. तरी ३ लाखांच्या जामिनावर ३,९०,००० च्या कर्जाची जबाबदारी टाकायची असेल तर ते वाक्य स्पष्ट असावं लागतं. तेवढा मुद्दा तुमच्या बाजूनं राहतो.

‘मी एक रुपया घेतला नाही’ हे मात्र कुठल्याही तारखेला म्हणू नका. माणूस म्हणून मला ते समजतं, पण त्याचा कायद्यात उपयोग नाही. कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असंही म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध डॉ. दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते कायमचं सांगून ठेवलं आहे. संस्थेनं दोन-तीन वर्षं वसुलीला हात लावला नाही, एवढ्यानंही जामीनदार सुटत नाही, हे कलम १३७ आहे. म्हणून सांगतो, तुमचा खरा मुद्दा तारखांचा आहे. बाकीची गाऱ्हाणी त्यात मिसळली तर तोही झाकला जाईल.

सुनावणीला जा. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण आपल्या भागात लोक नोटीस घेतात, देव्हाऱ्यामागे ठेवतात आणि जप्तीवाला दारात आला की वकिलाकडे पळतात. तुमची नोटीस महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालची आहे. त्यातल्या कलम १०१ ची चौकशी थोडक्यात चालते. तुम्ही गेला नाहीत तर एकतर्फी वसुली दाखला निघतो, आणि तो दाखला रक्कम येणं असल्याचा अंतिम पुरावा मानला जातो. मग त्याविरुद्ध याच कायद्याच्या कलम १५४ खाली दोन महिन्यांत पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण दाखल्यातल्या रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात. तुमच्या बाबतीत ते होतात २,७४,०००. कपाशीवर जगणाऱ्या माणसानं एवढे पैसे कुठून आणायचे? आज एक लेखी म्हणणं दाखल करून जे मांडता येतं, तेच दाखला निघाल्यावर मांडायला पावणेतीन लाख लागतात.

पहिल्या तारखेला एक अर्ज द्या. त्यात २०२० आणि २०२३ या दोन्ही कर्जांचे अर्ज, मंजुरीपत्र, संचालक मंडळाचा ठराव, वचनचिठ्ठी, जामीनपत्र आणि दोन्ही खात्यांचा सुरुवातीपासूनचा उतारा, यांच्या प्रती मागा. प्रती मिळेपर्यंत मुदत मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. कागद पाहिल्यावर लेखी म्हणणं द्या: माझा जामीन अमुक तारखेच्या कर्जाला होता, ते संस्थेच्याच उताऱ्याप्रमाणे फिटलेलं आहे, नव्या कर्जाला माझी संमती नाही. सहीचा वाद निघाला तर हा विषय सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात पुराव्यानिशी चालवावा, अशी मागणीही त्यातच लिहा. तोंडी बोललेलं रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीच्या नोंदीवर, येईलच असं नाही.

वसुलीवाल्याला पाच हजार देऊ नका. तो जी पावती फाडेल तिच्यावर ‘जामीनदारातर्फे, कर्ज दि. ३१/३/२०२३ पोटी’ असं लिहिलेलं असेल, आणि उद्या तीच पावती ‘यांनी कर्ज मान्य करून हप्ता भरला’ म्हणून तुमच्याविरुद्ध फाइलला लागेल. सुनावणी संपेपर्यंत कुठल्याही कागदावर, हमीपत्रावर, ‘फक्त पोच आहे’ म्हटलेल्या चिठ्ठीवरसुद्धा सही करू नका. त्यांच्याशी भांडू नका, पाणी पाजा आणि ‘जे सांगायचं ते साहेबांपुढे सांगीन’ म्हणा.

खातं होल्ड करण्याची धमकी आज तरी पोकळ आहे. पतसंस्थेच्या फोनवर किंवा साध्या पत्रावर दुसऱ्या बँकेला तुमचं खातं गोठवता येत नाही. त्यासाठी दाखल्यानंतर वसुली अधिकाऱ्याचा जप्ती आदेश लागतो, किंवा सहकार कायद्याच्या कलम ९५ खाली अंतरिम जप्तीचा आदेश. तरीही बँकेनं पैसे अडवले तर शाखाधिकाऱ्याकडे लेखी विचारा की कोणत्या आदेशावरून अडवले, त्याची प्रत द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही. अतिवृष्टीच्या मदतीचे पैसे तर कर्जात वळते करू नयेत, असं मदतीच्या शासन निर्णयांतच सांगितलेलं असतं. आणि भाऊ, या भीतीपोटी कापसाचे पैसे पीककर्जाऐवजी दुसरीकडे वळवू नका. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. दुसऱ्याच्या कर्जाच्या धसक्यानं स्वतःचं चांगलं कर्ज थकवणारी माणसं मी पाहतो, आणि फार वाईट वाटतं.

कोऱ्या चेकचं काय? ही गोष्ट हलकी घेऊ नका. जामीनदाराचा चेक न वटला तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ (चेक न वटल्याचा फौजदारी खटला) लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आयसीडीएस विरुद्ध बीना शबीर प्रकरणात सांगितलं आहे. सही करून कोरा दिला होता, एवढ्या बचावानं सुटका होत नाही. म्हणून आजच संस्थेला स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: अमुक नंबरचे दोन चेक २०२० च्या कर्जाला तारण म्हणून कोरे दिले होते, तुमची नोटीस २०२३ च्या वेगळ्या कर्जाची आहे, चेक परत करा. नंबर चेकबुकच्या उरलेल्या पट्टीवर सापडतील. खातं बंद करणं किंवा नुसतं पेमेंट थांबवणं हा इलाज नाही, दोन्हीत खटला होऊ शकतो. उद्या चेक परत गेल्याची नोटीस आली तर ती मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात. त्या १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

शेत बायकोच्या नावानं करू नका. नोटीस आल्यावर केलेलं असं बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली धनको रद्द करून घेऊ शकतो. शिवाय तुमची बाजू खरी असूनही तुम्ही लबाड दिसाल.

शेत जाईल का, या प्रश्नावर आता. आज सुनावणीचीच नोटीस आहे, लिलावाला अजून बराच अवकाश आहे. दाखला निघाला, जप्ती झाली, तरच पुढे विक्रीची जाहीर नोटीस निघते, आणि प्रत्येक पायरीवर हरकत घेता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती जनावरं, बियाणं आणि राहतं घर जप्तीतून वगळलेलं आहे. वेळ आली तर त्याचा आधार घ्यायचा. जमिनीला मात्र ते संरक्षण नाही, म्हणून सातबाऱ्यावर लक्ष ठेवा. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिशा दिसतात. इतर हक्कात संस्थेचा बोजा चढवण्याची नोटीस दिसली तर मुदतीत हरकत द्या.

गुरुजींना आजच भेटा. त्यांना पगार आहे, म्हणून संस्था आधी त्यांच्याकडे वळेल. त्यांनी घाबरून पूर्ण भरले तर करार कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे निम्मा वाटा ते तुमच्याकडे मागू शकतात. दोघांचा मुद्दा एकच आहे, दोघांनी एकाच दिवशी, एकाच म्हणण्यानं उभं राहावं.

समजा कागद पाहिल्यावर २०२३ च्या जामीनपत्रावर तुमचीच सही निघाली, तर लढाईचा सूर बदलेल. तेव्हा उताऱ्यातलं दंडव्याज तपासून घ्यायचं, संस्थेत सामोपचार (तडजोडीनं परतफेडीची) योजना लागू आहे का विचारायचं आणि तडजोडीचा आकडा ठरावासह लेखी घ्यायचा. दोस्ताचं दुकान, प्लॉट किंवा घर संस्थेकडे तारण असेल तर करार कायद्याच्या कलम १४१ खाली त्या तारणाचा फायदा, पैसे भरणाऱ्या जामीनदाराला मिळतो. ते तारण संस्थेनं सोडून दिलं असेल तर तेवढ्या किमतीपुरते तुम्ही मोकळे. भरलेला प्रत्येक रुपया कलम १४५ प्रमाणे दोस्ताकडून वसूल करता येतो, दावा पैसे भरल्यापासून तीन वर्षांत लावायचा. म्हणून जे भराल ते बँकेतून भरा, रोख नको.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर दारव्ह्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. जाताना नोटीस, ती आलेलं पाकीट, आधार कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा घेऊन जा. पाकीट फेकू नका, नोटीस तुम्हाला कधी मिळाली हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून ठरतं.