‘जंगल तोडायला देऊ नका म्हणतो, मग शिकणार काय?’

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यात आमची सात एकर डोंगरजमीन आहे, मुंबईच्या चुलतभावांशी सामायिक. ऐन, किंजळ, बेहडा अशी झाडं आहेत. लाकडाचा ठेकेदार उभ्या जंगलाचे दीड लाख देतोय. त्यातून मुलाला पुण्याला इंजिनिअरिंगला घालावं आणि मोकळ्या जागेत काजू लावावा, असा विचार होता. मुलाला बारावी विज्ञानला ६४ टक्के पडले. तो म्हणतो, जंगल तोडायला देऊ नका, मला जंगलातच काम करायचंय. पोटाचं काय, ते सांगत नाही. — एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी पैशांचं बोलू. जमीन सामायिक, म्हणजे दीड लाखात मुंबईचे भाऊबंद वाटेकरी आलेच. तुमच्या हाती उरेल त्यात पुण्याच्या खासगी कॉलेजचं एक वर्षही धड निघायचं नाही. जंगल जाईल आणि शैक्षणिक कर्ज काढायचं ते काढावंच लागेल. तेव्हा मुलाचं शिक्षण आणि तोड या दोन गोष्टींची गाठ आधी सोडा.

मुलाला जे हवंय त्याचं शिक्षण तुमच्याच जिल्ह्यात आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची बी.एस्सी. वनशास्त्र ही पदवी मिळते. प्रवेश सीईटीवर होतो. त्याने ती दिली आहे का, हे पत्रात नाही. दिली नसेल तर यंदा विसरा, पुढच्या वर्षी नीट तयारीने द्या. शिष्यवृत्तीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करायचे असतात, त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

पदवी झाली की वनखातं बोलावून घेईल, असं मात्र समजू नका. वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक व्हायला एमपीएससीची वनसेवा परीक्षा द्यावी लागते. जागा मोजक्या आणि मुलं ढीगभर. वनरक्षकाची भरती बारावीवर होते, पण तिथे पाच किलोमीटर धावावं लागतं. त्याला म्हणावं, उद्यापासून पळायला लाग.

मला स्वतःला तिसरी वाट जास्त खरी वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याची जमीन फारच थोडी, बहुतेक जंगल तुमच्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर. तिथे कुंपण घालून आणि गार्ड नेमून भागत नाही, मालकाला चार पैसे सुटले तरच झाड उभं राहतं. तुमच्याच भागात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने जमीनमालकांशी जंगल राखण्याचे करार केले आहेत. सह्याद्रीत बेहडा-हिरड्याची फळं ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राखाली गोळा करून औषधी मालासाठी विकण्याचं कामही या संस्थेने उभं केलं. त्यात सगळी फळं ओरबाडायची नसतात, काही झाडावर ठेवायची असतात. अशा कामाला झाडं ओळखणारा, जीपीएस घेऊन सर्वे नंबर फिरणारा, मालाचा भाव काढणारा आणि चार भावकीतल्या माणसांना एका ओटीवर बसवणारा माणूस लागतो. शेवटचं कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. गावच्या पोराला ते उपजत येतं, पुण्या-मुंबईच्या मुलाला पाच वर्षं लागतात. पगार सुरुवातीला कमीच असतो, हेही सांगून ठेवते.

आता तुमच्या काजूविषयी. काजूला माझा विरोध नाही, कोकणातली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. पण पडीक, उघड्या वरकस जमिनीत लावा. उभं रान कापून, जेसीबीने डोंगराला पायऱ्या पाडून नको. ठेकेदार म्हणेल, ‘काका, खोडाला फुटवे येतात, पंधरा वर्षांत जंगल परत.’ ऐन-किंजळीला फुटवे येतात, खरं आहे. पण धनेश पक्षी घरटं करतो ते जुन्या, ढोली पडलेल्या बेहड्यात. तशी ढोली पंधरा वर्षांच्या फुटव्यात कुठून येणार? आणि खालच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी उन्हाळ्यात किती टिकतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

मुलाला या सुट्टीत दोन कामं द्या. एक, तुमच्या सात एकरांत बेहडे किती, त्यांतले जुने किती, ढोली कशाकशात, हे वहीत उतरवायचं. दुसरं, ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद असलेली वही, मागायची. जैवविविधता कायद्यानुसार ती असायला हवी. बऱ्याच ठिकाणी कपाटात धूळ खात असते. महिनाभरात वही भरली, तर दापोलीचा फॉर्म भरा. दोन दिवसांत कंटाळला, तर त्याला जंगल आवडतं ते फोटोत, असं समजा आणि आयटीआय-डिप्लोमाचा विचार करू. मला परत लिहा.

ठेकेदाराकडून विसार घेतला नसेल ना? घेऊ नका. मुंबईच्या चुलतभावांना आधी फोन करा.