बाबांच्या विसरण्याची यादी

"मॅडम, बाबा हल्ली फार विसरतात, डिमेन्शिया तर नसेल ना?" हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, महिन्यातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी बाबांच्या जागी आई असते, कधी सासूबाई. विचारणारा रात्रभर नेटवर वाचून आलेला असतो आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते शेजारच्याच खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेले असतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

असेच एक काका, ७२ वर्षांचे, आयुष्य अकाउंट्समध्ये काढलेलं, काकू जाऊन दीड वर्ष झालेलं. मुलाने मोबाइलमध्ये चक्क यादी करून आणली होती, बाबा काय काय विसरले त्याची, तारीख-वेळेसकट, ४३ नोंदी. चष्मा कुठे ठेवला, पाहुणे कधी येणार, नातीची परीक्षा कधी संपली, एकच गोष्ट तीनदा विचारली, असं सगळं. डॉक्टरांनी बी१२, थायरॉइड, सोडियम बघून झालं होतं, चालू गोळ्या तपासल्या होत्या, स्कॅनही झाला होता, त्यात काळजीचं काही नव्हतं. हे आधी झालं ते फार बरं झालं, कारण बी१२ किंवा थायरॉइडच्या गडबडीने माणूस विसरतो, झोपेच्या नि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसरतो, आणि तिथे मी कितीही गोड बोलले तरी उपयोग शून्य. आणि हो, विसरणं दोन-चार दिवसांत अचानक सुरू झालं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर समुपदेशक शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवीच्या इन्फेक्शननेसुद्धा म्हाताऱ्या माणसांचं असं होतं.

पहिल्या भेटीत काकांचं उत्तर एकच, "माहीत नाही." वार कोणता? माहीत नाही. सकाळपासून काय केलंत? काही नाही. माझे कान तिथेच टवकारले. डिमेन्शिया सुरू होत असलेला माणूस बऱ्याचदा धडपडतो, चुकीचं का होईना काहीतरी सांगतो, चूक झाकायला बघतो. प्रयत्नच न करता माहीत नाही म्हणणारा बऱ्याचदा आतून विझलेला असतो. (हा नियम नाही, नुसती खूण.) उतारवयातलं डिप्रेशन दरवेळी रडून दाखवत नाही, ते कधी कधी विसरण्याचं सोंग घेऊन येतं, मानसोपचारात त्याला स्यूडोडिमेन्शिया हे नाव १९६१ पासून रूढ आहे. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या.

पण ती यादी माझ्या डोक्यातून जाईना. मी मूळची कुटुंबाकडे बघणारी समुपदेशक, एकट्या माणसात दोष शोधत बसायला मला जमत नाही, आणि माझे सहकारी त्यावरून मला चिडवतात तेही खरं. रात्री यादी परत काढली आणि नुसत्या वेळा बघितल्या. ४३ पैकी ३१ नोंदी रात्री आठ ते साडेनऊच्या.

"आठ वाजता घरात काय चाललेलं असतं?" मी मुलाला विचारलं.

"काही नाही, नॉर्मल. मी ऑफिसातून आलेलो असतो, टीव्ही चालू असतो, सगळ्यांच्या गप्पा."

"आणि बाबा?"

"असतात ना तिथेच. मी रोज त्यांना चार प्रश्न विचारतो, मेंदूला व्यायाम म्हणून. तारीख काय, काल जेवायला काय होतं..."

सून हळूच म्हणाली, "दिवसा माझ्याशी नीट बोलतात हो. ह्यांची गाडी खाली वाजली की गप्प होतात."

चौथ्या भेटीत तिघंही होते. मुलगा नेहमीसारखा सुरू झाला, "परवाचंच बघा, ताई रविवारी येणार हे बाबांना सांगितलं होतं, ती आली तर यांना पत्ताच नाही." मी काकांकडे बघत राहिले. मुलगा पुढे बोलायला लागला, त्याला हातानेच थांबवलं. अशी शांतता सहन करायला मला दहा वर्षं लागली, पण आता येते.

"सांगितलं नव्हतंस," काका म्हणाले.

"बाबा, अहो टीव्ही बघताना सांगितलं की, तुम्ही होतात."

"माझ्यासमोर बोललात. माझ्याशी नाही बोललात." आणि मग थांबून, "मला कोणी काही सांगतच नाही, मी विसरणार काय?"

सूनबाई रडायला लागल्या. खरं सांगते, मीही दोन मिनिटं काही बोलू शकले नाही, कारण एवढ्या वर्षांच्या वाचनातून मला जे मांडता आलं नव्हतं ते काकांनी एका वाक्यात मांडलं. आठवण राहायला गोष्ट आधी आत जावी लागते. ती आत जायला ऐकू यावी लागते, लक्ष लागावं लागतं आणि आपल्याशी तिचा काही संबंध आहे असं वाटावं लागतं. काकांच्या घरात तिन्ही दारं बंद होती. टीव्ही आणि चार जणांच्या बोलण्यात त्यांना शब्द सुटे ऐकू येत नव्हते (नंतर कानांच्या तपासणीत तेच निघालं), मनाला उभारी नव्हती, आणि काकू गेल्यावर "बाबा तुम्ही आता आराम करा" म्हणत घरच्यांनी हिशोब, बिलं, बँक सगळं काढून घेतलं होतं. प्रेमानेच घेतलं हो. वर रोज रात्री परीक्षा, आणि परीक्षेच्या भीतीने तर आपल्यालाही पाठ केलेलं आठवत नाही.

मुलगा पुढच्या वेळी एकटाच आला. "माझ्या आजोबांना झालं होतं. बाबांना झालं म्हणजे पुढे मी." तेव्हा कळलं, रोजचे चार प्रश्न कोणाच्या भीतीसाठी होते. त्याला सांगितलं ते इथेही सांगते, घरात एखाद्याला अल्झायमर (डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) होता म्हणून आपल्याला होणारच असं नसतं, थेट आनुवंशिक प्रकार अगदी दुर्मिळ आणि तो सहसा ६५ च्या आत सुरू होतो.

तर तुम्ही काय करायचं? तोंडी परीक्षा आजपासून बंद. सांगायचं असेल तर टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकाने बोलायचं, ओरडून नाही. कान आणि डोळे तपासून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीच्या (लॅन्सेट कमिशन) २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे टाळता किंवा कमी करता येण्यासारखे १४ धोके दिलेत, त्यात ऐकू न येणं आहे, नजर अधू होणं आहे, डिप्रेशन आहे, एकटेपणाही आहे, आणि हे सगळे धोके आटोक्यात आणले तर जवळपास ४५ टक्के केसेस टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज. बीपी-शुगर सगळे सांभाळतात, या चौघांकडे मात्र "वयच झालं" म्हणून दुर्लक्ष. आणि कामं काढून घेऊ नका. १९७६ मध्ये लँगर आणि रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी वृद्धाश्रमात एका गटाला एकेक रोपटं सांभाळायला दिलं आणि छोटे छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितलं, दुसऱ्या गटाची रोपटी कर्मचाऱ्यांनीच सांभाळली. पहिला गट जास्त तरतरीत राहिला. एक रोपटं! आणि आपण काढून काय घेतो, तर अख्खं घर चालवण्याचं काम. चूक होईल ही भीती असेल तर शेजारी बसा, वही मात्र त्यांच्याच हातात राहू द्या.

चमत्कार झाला असं म्हणणार नाही. कानाचं मशीन, गोळ्या, घरखर्चाची वही परत काकांकडे (ऑनलाइन व्यवहार मुलासोबत बसून), असं आठ-नऊ महिने चाललं. नावं अजून अडखळतात. उतारवयातलं डिप्रेशन कधी कधी डिमेन्शियाची पहिली पायरीही निघू शकतं, त्यामुळे दर सहा महिन्यांनी तपासणी चालू ठेवलीय आणि मुलालाही तसं स्पष्ट सांगितलंय. त्याने यादी डिलीट केली म्हणे, मी विचारलं नव्हतं.

शेवटच्या भेटीत निघताना काका दारातून मागे वळले.

"मॅडम, मागच्या वेळची पावती राहिलीय तुमची. आणि त्याच्या आधीचीसुद्धा."

राहिली होती. मी साफ विसरले होते.