वीस-वीस वेळा दोरी ओढल्याशिवाय चेनसॉ सुरूच होत नाही. प्लग नवीन टाकला तरी तेच. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मशीन ५८ सीसीचं आहे, उन्हाळ्यात झकास चाललं, पावसाळाभर पडून होतं आणि आता सकाळी पहिल्यांदा सुरू करताना खांदा निखळायची वेळ येते. मेकॅनिकने प्लग बदलून दिला, पण फरक शून्य. मला यात आधी पेट्रोलचा संशय येतो, त्यानंतर सुरू करायच्या पद्धतीचा. प्लग बराच नंतर.

मी दापोली तालुक्यात राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या पोफळी आणि नारळ रस्त्यावर आडवे झाले होते. चेनसॉ काढली आणि अख्खी सकाळ नुसती दोरी ओढत बसलो. टाकीत काजूच्या हंगामातलं, तीन महिन्यांचं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण होतं. शेजारचे काका आले, टाकी काचेच्या बरणीत ओतली आणि बरणी उजेडात धरली. तळाशी बोटभर वेगळा थर दिसत होता आणि वास पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशचा. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतं. टाकीतला फिल्टरही तळाशीच लोळत असतो, म्हणजे मशीनला पहिला घोट तोच मिळतो. आता तर पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेव्हा ते कमी होतं.

म्हणून आधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि ताजं मिश्रण भरा. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइलच वापरा, मोटरसायकलचं फोर-टी अजिबात नको. प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल ते: १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजपंचे ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण चालतं. महिनाभरात संपेल एवढंच बनवा.

आता सुरू करण्याबद्दल. मशीन जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत उजव्या पायाचा पुढचा भाग, डावा हात पुढच्या दांड्यावर. चेनचा ब्रेक पुढे ढकलून लावा, स्विच चालू. हवेत लोंबकळत धरून दोरी ओढायची सवय असेल तर आजच सोडा, चालू चेन मांडीवर यायला क्षण लागत नाही. प्रायमरचा फुगा, म्हणजे पेट्रोल ओढून घेणारं रबरी बटण, त्यात पेट्रोल दिसेपर्यंत दाबा. बहुतेक मशीनमध्ये जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जातं, त्यामुळे इथे दोन-चार वेळा जास्त दाबलं तरी बिघडत नाही. चोक पूर्ण लावा. दोरी आधी हळू ओढा, जड लागली की तिथून एक जोरदार झटका. तीन-चार झटक्यांत मशीन एकदा ‘भुर्र’ करून बंद पडेल.

तुमचा घोळ बहुधा इथे होतोय. ती भुर्र एवढी छोटी असते की आपण ‘जवळ आलं, अजून ओढू’ म्हणत चोक लावलेलाच ठेवतो. पण भुर्र झालं याचा अर्थ पेट्रोल आत पोचलं. त्याक्षणी चोक काढायचा, रेस अर्धवट अडकवायची आणि ओढायचं. दोन-तीन झटक्यांत मशीन धरतं. धरलं की रेसचा खटका एकदा दाबून सोडा म्हणजे ते संथ होईल. ब्रेक लावून रेस देत राहिलात तर क्लच जळतो. चहाला थांबून परत आलात आणि मशीन गरम असेल, तर चोकला हातही लावू नका.

चोकवर जास्त ओढलं गेलं तर मशीन ओव्हर होतं, म्हणजे आत पेट्रोल जास्त साचतं. मग स्विच बंद, प्लग काढा, ओला असेल तर पुसून कोरडा करा, चोक काढून आणि रेस पूर्ण दाबून सात-आठ वेळा दोरी ओढा. प्लगच्या भोकातून पेट्रोल उडतं, म्हणून तोंड बाजूला आणि आसपास कोणाची विडी नको. प्लगची फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवा, परत बसवा आणि चोक न लावता ओढा.

हेच उलटं: चोक लावून दहा वेळा ओढल्यावरही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल पोचतच नाहीये. तारेच्या आकड्याने टाकीतला फिल्टर बाहेर ओढा, काळा-चिकट असेल तर बदला. नळीला बारीक चीर आहे का तेही वाकवून बघा. दोन्ही ठीक असतील तर कार्ब्युरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ लवचिक पडदा, बघा. नवा डायफ्राम बोटाने दाबला की फुग्याच्या रबरासारखा लवतो, जुना कागदासारखा कडकडतो. अख्खा कार्ब्युरेटर बदला म्हणणाऱ्याला आधी डायफ्रामचा किट टाकायला सांगा, तो स्वस्त असतो. आणि कार्ब्युरेटरवरचा एच (H) लिहिलेला स्क्रू स्वतः फिरवू नका. तो जास्त आवळला गेला तर पेट्रोल-ऑइल कमी पडून पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च मशीनच्या निम्म्या किमतीवर जातो.

एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवा, हे तर दर हंगामात करायचंच.

पुढच्या पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये थेंब राहणार नाही. मग खोपीच्या ओल्या जमिनीवर न ठेवता माळ्यावर ठेवा.

उद्या सकाळी ताजं मिश्रण भरून वर लिहिल्याप्रमाणे करून बघा. तरीही धरलं नाही तर दहा झटक्यांनंतर प्लग काढा आणि तो ओला निघाला की कोरडा, एवढं मला कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.