वाचकांच्या शंका : तिसऱ्या, कोरगूट, गुलाबी आगर, यीस्ट आणि मोरी

या वेळच्या टपालातले पाच प्रश्न वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. पण पाचही ठिकाणी घडतं ते एकच: पेशीच्या बाहेरचं मीठ, पाणी किंवा तापमान बदलतं आणि आतल्या कारभाराला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणून ते एकत्र घेतले आहेत. सोप्यापासून सुरुवात करू.

प्रश्न : रेती सुटावी म्हणून तिसऱ्या (खाडीतले लहान शिंपले) रात्रभर नळाच्या पाण्यात घालून ठेवल्या. सकाळी अर्ध्याअधिक मेलेल्या, आणि उरलेल्यांत रेती तशीच. काय चुकलं? (गृहिणी, ताळगाव)

उत्तर : पाणी चुकलं. बाहेरच्या खाऱ्या पाण्याशी तोल राहावा म्हणून तिसरीच्या पेशींत क्षारांबरोबर टॉरिन, ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन अशी सुटी अमिनो आम्लं साठवलेली असतात. अशा पेशीला गोडं पाणी लागलं की ते आत घुसतं आणि पेशी फुगते. त्यावर तिसरीचा पहिला उपाय म्हणजे शिंपले घट्ट मिटून घेणं. पण मिटलेली तिसरी पाणी गाळत नाही, मग रेती कुठून टाकणार? आतला प्राणवायू संपल्यावरही ती काही काळ तगते, पण मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभर नाही.

पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळचं पाणीही गोडावतं, तरी तिसऱ्या तिथे राहतात. तिथे बदल हळूहळू होतो आणि पेशींना साठवलेली अमिनो आम्लं कमी करायला सवड मिळते. तुमच्या टोपात हाच बदल एका क्षणात झाला.

लिटरभर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम जाडं मीठ घ्या. नळाचं पाणी आधी काही तास उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन बराच उडून जातो. पसरट भांड्यात तिसऱ्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला. खोल भांड्यात तळच्या गुदमरतात. थंड, अंधाऱ्या जागी दोन ते चार तास पुरतात, मध्ये एकदा पाणी बदला. शेवटी तिसऱ्या हाताने उचलून काढा. भांडं चाळणीवर उपडं केलंत तर खाली बसलेली रेती पुन्हा त्यांच्यावरच येईल. ज्या उघड्या आहेत आणि टिचकी मारूनही मिटत नाहीत, त्या टाकून द्या.

प्रश्न : बांध फुटून खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) खारं पाणी शिरलं. आमचं ज्योती जातीचं भात पिवळं पडून गेलं, शेजारच्या शेतातला कोरगूट (खारं सोसणारी इथली जुनी भातजात) उभा राहिला. हा फरक कशाचा? आणि पुढच्या हंगामाला काय करावं? (शेतकरी, चोडण)

उत्तर : खारं पाणी भाताला दोनदा मारतं. पहिला मार तहानेचा. मुळाभोवतीचं पाणी इतकं खारट होतं की समोर असूनही मुळाला ते ओढता येत नाही. हे काही तासांतच सुरू होतं. पेशी प्रोलिन, साखर अशी निरुपद्रवी द्रव्यं आत वाढवून पाण्याची ओढ परत मिळवते. हे काम ज्योतीसुद्धा बऱ्यापैकी करतं.

दुसरा मार सोडियमचा, तो काही दिवसांनी दिसतो. पेशीतली बरीच विकरं पोटॅशियमच्या भरवशावर चालतात. सोडियम त्याच्यासारखाच दिसतो, त्याची जागा बळकावतो आणि काम मात्र करत नाही. खारं सोसणाऱ्या भाताच्या पेशी इथे तीन गोष्टी करतात. मुळाच्या पेशीपटलातले पंप सोडियम बाहेर फेकतात. त्यातून निसटून वर जाणाऱ्या रसात जो मिसळला, तो मुळाच्या वाहिन्यांजवळच्या पेशी वाटेतच परत ओढून घेतात. तरीही पानात पोचलेला पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे एका परीने कोठीत, कोंडला जातो, आणि त्यातही जुन्या पानांत जास्त. म्हणून अशा भाताची खालची पानं टोकाकडून जळाली तरी घाबरायचं नसतं. नवं पान हिरवं आहे का ते बघायचं. ज्योतीसारख्या जातीत हा अडसर सैल असतो आणि कोवळं पानच मरतं.

हे सगळं फुकट होत नाही. पंपांना ऊर्जा लागते, ती दाण्यातून वजा होते. कोरगुटाचं उत्पन्न बेताचं असतं त्यामागचं हे एक कारण; शिवाय तो उंच वाढतो आणि लोळतो. जुने गोवें इथल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान 1 आणि गोवा धान 2 या जाती दिल्या आहेत. खाजनासाठी त्यांचा विचार करावा.

आता पुढच्या हंगामाचं. पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठू द्या, दोन-तीन दिवस मुरू द्या आणि ओहोटीला मानस (बांधातलं पाणी सोडायचं दार) उघडून सोडा. असं निदान दोन-तीनदा करा. घाई करून पहिल्याच सरीवर पेरलं तर मीठ वरच्या थरातच राहतं. मातीची क्षारता मोजून घ्या: संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या, मातीच्या अर्कात ती मीटरला सुमारे 3 डेसिसायमन्सच्या वर गेली की साधारण जातींचं उत्पन्न घटू लागतं आणि पुढच्या प्रत्येक एककाला 12 टक्क्यांच्या आसपास जातं. इथे एक चूक हमखास होते. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असं ढवळून घेतलेलं माप बरंच कमी येतं, कारण पाणी जास्त असतं. तो आकडा थेट 3 शी ताडून पाहिला तर खारं शेतही चांगलं वाटतं. प्रयोगशाळेने कुठल्या पद्धतीने मोजलं, ते अहवाल घेताना विचारा.

भात रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं, दोन-तीन पानांवर असताना फार नाजूक असतं, फुटवे येताना पुन्हा टणक होतं आणि फुलोऱ्यात परत नाजूक. म्हणून रोप गोड्या जागेत तयार करा, 30 ते 35 दिवसांचं झाल्यावर लावा आणि एका जागी तीन-चार काड्या घ्या. आणखी एक: मीठ जावं म्हणून खाजन उन्हाळाभर कडकडीत सुकवू नका. काही खाजनांच्या चिखलात गंधकाची संयुगं असतात. हवा लागली की त्यांचं आम्ल होतं आणि मग मिठापेक्षा ते आम्लच पिकाला मारतं.

प्रश्न : आगरवाड्याच्या मिठागरात एप्रिलमध्ये काही कोंडींतलं (मीठ पिकवायच्या वाफ्यांतलं) पाणी गुलाबी दिसलं. एवढ्या मिठात काय जगतं? सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहिला तर काहीच नव्हतं. (विद्यार्थी, पेडणे)

उत्तर : थेंब पातळ करायला नळाचं पाणी घातलं असेल, म्हणून काही दिसलं नसावं. त्या कोंडींत मुख्यतः दोन प्रकारचे रहिवासी असतात आणि मिठाशी त्यांचा व्यवहार अगदी उलटा आहे. ड्युनालिएला नावाचं एकपेशीय शैवाल मिठाला आत फारसं येऊ देत नाही. त्याऐवजी पेशी ग्लिसरॉलने भरून टाकतं. त्याचा लालसर रंग गाजरातल्याच बीटा-कॅरोटिनचा, आणि कडक उन्हापासून तो आडोसा देतो. दुसरे मीठप्रेमी आर्किया, म्हणजे जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव. त्यांनी क्षारांनाच घरात घेतलं आहे: पेशी पोटॅशियम क्लोराइडने भरलेली, आणि प्रथिनांची घडणच अशी की त्यांना मीठ लागतं. ते काढलं तर प्रथिनं उलगडतात, पेशीचं आवरण सुटतं आणि ती फुटते. पुढच्या वेळी थेंब त्याच कोंडीतल्या पाण्याने पातळ करा आणि काचपट्टी लवकर बघा. दिव्याच्या उष्णतेने कडेला मिठाचे खडे धरतात.

प्रश्न : 'सौम्य ताण दिला की पेशी मोठ्या ताणाला तयार होते' असं पाठ्यपुस्तकात आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे दाखवता येईल का? आम्ही यीस्ट तापवून पाहिलं, पण दोन्ही नळ्यांत सारखंच आलं. (शिक्षिका, फोंडा)

उत्तर : येईल, आणि पाव खाणाऱ्या मुलखात यीस्टहून योग्य जीव दुसरा नाही. पण तुम्ही पाकिटातलं कोरडं यीस्ट भिजवून लगेच तापवलं असणार. ते यीस्ट आधीच ताणाला तयार असतं. सुकताना जगावं म्हणून त्याच्या पेशी ट्रेहॅलोज नावाच्या साखरेने भरलेल्या असतात, त्यामुळे तयारी दिलेली आणि न दिलेली असा भेदच उरत नाही. आधी त्यांना सुखात वाढवून बेसावध करावं लागतं.

200 ग्रॅम बटाटा लिटरभर पाण्यात उकळून गाळा, त्यात 20 ग्रॅम साधा ग्लुकोज घाला. यातला अर्धा रस वेगळा काढून त्यात 7 ते 8 ग्रॅम चायना ग्रास विरघळवा, हे ताटल्यांसाठी. दोन्ही, आणि पातळ करण्यासाठीचं पाणीही, कुकरमध्ये वाफेवर 20 मिनिटं ठेवा. 1 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट 35 ते 38 अंशांच्या 100 मिली पाण्यात दहा मिनिटं भिजवा. थंड पाणी नको. सुकलेलं पेशीपटल थंडीत ताठर असतं, पाणी शिरताना त्याला भेगा पडतात आणि आतला ऐवज गळतो. बेकरीत पीठ नीट फुगत नाही त्याचंही हे एक कारण असतं.

या मिश्रणातलं 5 मिली 200 मिली रसात टाका आणि 28 अंशांच्या आसपास चार-पाच तास, अधूनमधून हलवत, वाढू द्या. सूक्ष्मदर्शकात दहातल्या चार-पाच पेशींना तरी मुकुल (नव्या पेशीचे कोंब) दिसले पाहिजेत. मग दोन भाग करा. 'अ' 25 अंशांवर, 'ब' 37 ते 38 अंशांच्या पाण्यात, दोन्ही 45 मिनिटं. इथे गोव्याची अडचण येते: मे महिन्यात खोलीच 33 अंशांवर असते, म्हणजे 'अ' लाही न मागता तयारी मिळते. 'अ' ची नळी बर्फाचे तुकडे टाकत बादलीत 25 अंशांवर राखा, किंवा प्रयोग जानेवारीत करा. 'ब' 40 च्या वर जाऊ देऊ नका. तिथे तयारी संपून इजा सुरू होते.

आता मुख्य तापवणी. 9 मिली रस भरलेल्या बारीक नळ्या आधीच 50 अंशांच्या पाण्यात ठेवा आणि प्रत्येकीत 1 मिली यीस्ट टाका. थंड यीस्टची जाड नळी पाण्यात बुडवली तर आतला रस तापायला कित्येक मिनिटं लागतात आणि त्या वाटेतच पेशी सावध होतात. तापमापी नळीच्या आत हवी, बादलीत नव्हे. 0, 5, 10 आणि 20 मिनिटांनी 1 मिली काढून थंड पाण्यातल्या नळीत घाला, दहा-दहा पटींनी चारदा पातळ करा आणि एकाच ड्रॉपरने प्रत्येकाचा एक थेंब चायना ग्रासच्या ताटलीवर ओळीने ठेवा. दोन दिवसांनी ठिपके बघा. 'अ' चे दहा मिनिटांचे ठिपके पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच संपतील, 'ब' चे पुढे जातील. लगेच निकाल हवा म्हणून मेथिलीन ब्लूने मेलेल्या पेशी मोजू नका. उष्णतेने मरणाऱ्या पेशी लगेच निळ्या होतातच असं नाही.

कारण मुलांना असं सांगता येईल. तापल्यावर प्रथिनांच्या घड्या सुटतात आणि ती एकमेकांना चिकटतात. त्यांना सावरणारी प्रथिनं पेशीत नेहमीच असतात. थंड वेळी त्यांतली काही एका स्विच-प्रथिनाला धरून बसलेली असतात. घड्या सुटू लागल्या की ती तिकडे धावतात, स्विच मोकळा होतो आणि सावरणाऱ्यांची नवी फौज तयार करायचा हुकूम सुटतो. म्हणजे पेशी तापमान मोजत नाही, बिघाड मोजते. हे प्रथम 1962 मध्ये इटलीच्या फेरुचियो रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवरच्या फुगवट्यांत दिसलं. त्यामागची प्रथिनं 1974 मध्ये सापडली. यीस्टमधलं हीट शॉक प्रथिन 104 चिकटलेले गोळे पुन्हा सोडवतं. ते नसलेल्या यीस्टला 37 अंशांच्या तयारीचा जवळजवळ काहीच फायदा होत नाही, हे सुझन लिंडक्विस्ट यांच्या प्रयोगशाळेने 1990 मध्ये दाखवलं.

प्रश्न : मोरीला (लहान शार्क माशाला) अमोनियासारखा वास का मारतो? इतर मासळीला तसा येत नाही. (वाचक, मुरगाव)

उत्तर : इसवण, बांगडा यांचं रक्त समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारं असतं, ते समुद्र पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतात. मोरीने वेगळा मार्ग घेतला. तिच्या रक्तात लिटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास युरिया असतो, आपल्या साठ-सत्तर पट. त्यामुळे आत-बाहेर तोल राहतो आणि पाणी निसटत नाही. पण एवढा युरिया प्रथिनांच्या घड्या सोडवतो, म्हणून पेशी ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड नावाचं दुसरं द्रव्य साठवते, साधारण दोन युरियाला एक या प्रमाणात. ते घड्या घट्ट धरून ठेवतं. मोरी मेली की जिवाणू युरियाचा अमोनिया करतात आणि या दुसऱ्या द्रव्याचं ट्रायमिथाइल अमाइन, म्हणजे मासळीचा ओळखीचा वास. तळ्यातल्या माशांत हे द्रव्य फारच थोडं असतं, म्हणून त्यांना हा वास कमी.

मोरी आणल्या आणल्या रक्त व आतडी काढा आणि बर्फात ठेवा. वास वाढतो तो या पहिल्या तासांतल्या दिरंगाईने. तुकडे मिठाच्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवून ते पाणी फेका. आंबट-तिखाच्या कालवणात सोलं (आमसुलं) किंवा व्हिनेगर पडतं ते नुसत्या चवीसाठी नाही: आम्लाशी अमोनिया आणि अमाइन यांचे क्षार होतात आणि क्षार हवेत उडत नाहीत. मात्र वास दबला म्हणून शिळी मोरी ताजी होत नाही. कच्च्या तुकड्यालाच डोळ्यांना झोंबणारा वास असेल, तर ती सोलांच्या हवाली करू नका, परत करा.