केमोमुळे तांबड्या पेशी खरंच मरतात का? आणि बिटाच्या रसाने आईचं हिमोग्लोबिन वाढेल का?

कधीकधी मरतात. बिटाने वाढणार नाही. तुम्ही बिटाचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसले, एरवी मी इथे नुसती वाचते.

बहुतेकांचं हिमोग्लोबिन उतरतं ते नव्या पेशी कमी तयार होतात म्हणून. औषध अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी बनतात त्या भागाला, दाबतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे पांढऱ्या पेशी आठ-दहा दिवसांत कोसळतात तसं हिचं होत नाही, केमोच्या दर सायकलला (फेरीला) हिमोग्लोबिन थोडं थोडं खाली येतं. सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध तर मूत्रपिंडालाही धरतं, आणि पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन तिथूनच येतं. पण काही औषधांनी रक्तात फिरणाऱ्या तयार पेशीच फुटतात. क्वचित होतं. आमच्याकडे झालं.

सासूबाईंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशननंतर मिरजेला ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध, दर पंधरा दिवसांनी. थोरल्या भाऊजींनी ज्यूसर आणला आणि रोज बीट-गाजराचा रस सुरू करायला लावला. या औषधावर गार काही घशाला लागलं की काटे टोचतात. तरी फ्रीजमधला रस, ‘औषध समजून घे आई’ म्हणत पाजायचे. नवव्या सायकलला सलाईन संपता संपता त्यांना थंडी वाजली, कंबर धरली. इंजेक्शन दिलं, जरा बरं वाटलं, घरी आलो. संध्याकाळी लघवी लाल. भाऊजी फोनवर म्हणाले, ‘बीट आहे ते, उगाच घाबरवू नकोस सगळ्यांना.’

मी पांढऱ्या मगात घेऊन ट्यूबलाइटखाली धरली. बिटाची लघवी गुलाबी होते, ती मी महिनाभर बघतच होते. ही कोऱ्या चहासारखी होती, तोही उकळून उकळून काळा केलेला. खालची पापणी ओढली तर आतून पांढरीफटक, आणि डोळ्याच्या पांढऱ्यात हळद.

रात्रीच गाडी काढली. सकाळी ९.८ असलेलं हिमोग्लोबिन ६.४ वर. बिलिरुबिन वाढलेलं, एलडीएच वाढलेलं (पेशी फुटल्या की रक्तात ही दोन्ही वाढतात), कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह. म्हणजे औषधामुळे शरीरात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार झाली होती आणि ती स्वतःच्याच पेशींवर जाऊन चिकटली होती. स्टेरॉईड, दोन पिशव्या रक्त (क्रॉसमॅच जुळेना, पहाट झाली), आणि ऑक्सॅलिप्लॅटिन कायमचं बंद.

तुमच्या आईला कोणतं औषध चालू आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. तेच महत्त्वाचं होतं.

बीट काही विष नाही, आवडत असेल तर शिजवून द्या. पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस मात्र नको. १०० ग्रॅम बिटात मिलिग्रॅमभरही लोह नसतं. लोहच कमी असेल, आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्त जाऊन ते होतंही, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघून डॉक्टर गोळी किंवा सलाईन देतात. आणि माझं वाचून केमो थांबवू नका, आमच्यासारखं फार थोड्यांना होतं. लघवी काळपट दिसली, थंडी-कंबरदुखी आली, तर मात्र सकाळची वाट बघू नका. घरातलं कोणी काहीही म्हणो.

भाऊजी अजून चारचौघांत सांगतात, आईचं रक्त बिटाने भरलं. त्या दोन पिशव्यांच्या बदल्यात रक्तपेढीला एक पिशवी त्यांनी स्वतःच दिली होती.