ठिबक घेण्याआधी बादली आणि टेप हातात घ्या

यावेळची बहुतेक पत्रं घरच्या बागेतल्या ठिबकची आहेत. 'कोणता संच घेऊ?' असं पुष्कळांनी विचारलंय. टाकी कुंड्यांपासून किती उंच आहे, हे मात्र एकाच वाचकाने कळवलं. तेव्हा पहिला मान त्यांचा.

गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत. टाकीचा तळ कुंड्यांपेक्षा अडीच मीटर उंच आहे. ताशी ४ लिटर पाणी ठिबकवणारे ड्रिपर लावले, तरी सुरुवातीच्या कुंड्यांनाच पाणी मिळतं, शेवटच्या कोरड्या राहतात. पंप बसवावा का?

पंपाचं इतक्यात नको. टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकी केवढी आहे यावर नाही. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे तुमच्याकडे पाव बार. ड्रिपरवर लिहिलेला ४ लिटरचा आकडा बहुधा १ बारचा असतो, आणि साध्या ड्रिपरचं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतं. दाब चौथाई झाला की पाणी निम्मं. तुमचा ड्रिपर ताशी २ लिटर देत असेल तर तो बिघडलेला नाही, फक्त दुप्पट वेळ चालवायचा.

पण पहिल्या आणि शेवटच्या कुंडीत एवढा फरक पडतो, त्याचं कारण वेगळं आहे. मला तीन शंका येतात. पहिली, तुम्ही 'पीसी' म्हणजे दाब सांभाळणारे ड्रिपर घेतले असावेत. त्यांच्या आतल्या रबरी पडद्याला काम करायला साधारण अर्धा बार तरी लागतो. त्याखाली कोण किती पाणी देईल याचा नेम नाही. टाकीवर साधेच ड्रिपर बरे. दुसरी, संचासोबत आलेला प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे जास्तीचा दाब कमी करणारा भाग, तोही तुम्ही जोडला असेल. तो काढून टाका. दाब मुळात कमी असताना तो फक्त अडथळा होतो.

तिसरी शंका सर्वात जास्त, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. पेन्सिलीपेक्षाही बारीक मायक्रोट्यूब मी गच्चीभर फिरवली, शेवटच्या कुंड्या सुकल्या म्हणून सगळे ड्रिपर बदलले, आणि कुंड्या तशाच सुकत राहिल्या. बारीक नळीत घर्षणातच दाब संपतो. मुख्य नळी १६ मिमीची घ्या आणि मायक्रोट्यूब तिच्यापासून कुंडीपर्यंत, हातभरच ठेवा. शक्य असेल तर मुख्य नळीची दोन्ही टोकं जोडून कडं करा, म्हणजे प्रत्येक कुंडीला दोन बाजूंनी पाणी पोचेल.

मग मोजा. मिलीच्या खुणांचा मोठा पेला पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली घड्याळ लावून तीन-तीन मिनिटं धरा. पूर्ण दाबावर ४ लिटरचा ड्रिपर तीन मिनिटांत २०० मिली देतो, तुमच्याकडे १०० च्या आसपास यायला हवं. पहिल्या-शेवटच्यात दहा टक्क्यांचा फरक असेल तर खुशाल सोडून द्या. शेवटचा निम्म्यावर असेल तर दोष नळीत आहे, पहिला पेलाच ३० मिलीवर अडला असेल तर फिल्टरमध्ये.

नळालाच जोडायचं आहे. कोणती वस्तू कुठे लावायची, क्रम सांगाल का?

नळाकडून निघालं की आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप), मग टायमर, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि शेवटी नळी. पहिली वस्तू लोक हमखास गाळतात. नळाचा दाब अचानक गेला तर मातीत पडलेल्या नळीतलं पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं, आणि ते तुमच्या पिण्याच्या पाण्यात मिसळायला नको. फिल्टर १२० मेशचा असला की घरच्या बागेला पुरतो. त्याच्या जाळीची छिद्रं साधारण १३० मायक्रॉनची असतात. नळाचा दाब ३-४ बार असेल तर रेग्युलेटरशिवाय नळी जोडातून सुटते, आणि सुटते ती बहुधा घरात कोणी नसताना.

नळाला पाणी किती, हेही बघून घ्या. दहा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली तर ताशी १२०० लिटर झाले. त्यातले पाऊणच हिशेबात धरले तरी ९०० लिटरवर ४ लिटरचे २२५ ड्रिपर चालतात. घरच्या बागेत पाणी सहसा कमी पडत नाही, कमी पडतो तो दाब.

नळीचं वेटोळं बसवण्याआधी तासभर उन्हात उलगडून ठेवा, ती सरळ होते. जोडाच्या वेळी टोक गरम पाण्यात बुडवलं की जॉइनर आत जातो, तेल-साबण लावू नका. उन्हाने नळी लांबते आणि रात्री आखडते, म्हणून ती ताणून बांधू नका, थोडी ढिली असू द्या. भोक ड्रिपरच्या मापाच्या पंचनेच पाडा. खिळ्याने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि कायम गळतं. चुकलेलं भोक बुजवायला डमी मिळते. भोकं पाडताना आत प्लॅस्टिकचा चुरा पडतो, तेव्हा मायक्रोट्यूब आणि एंड कॅप (नळीच्या टोकाचं झाकण) लावण्याआधी एकदा टोक उघडं ठेवून पाणी सोडा.

रोज वीस मिनिटं ठिबक चालतं, कुंडीखाली पाणी साचतं, तरी झाड मलूल. पाणी वाढवू की कमी करू?

त्याआधी कुंडीतली माती बोटाने चाचपा, दोन पेरं खोल. कोकोपीट किंवा कंपोस्ट जास्त असलेली माती एकदा पूर्ण वाळली की पाणी धरत नाही, ढकलून देते. शिवाय आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते. पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं, आणि आतला गड्डा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मगच ठिबक जोडा. पुढे वीस मिनिटं सलग देण्यापेक्षा सात मिनिटं देऊन अर्धा तास थांबा, मग पुन्हा सात मिनिटं. पहिल्या पाण्याने माती भिजते, दुसरं ती धरून ठेवते. फूटभर रुंद कुंडीत एकच ड्रिपर असेल तर ताशी ४ लिटरच्या एकाऐवजी २ लिटरचे दोन समोरासमोर लावा.

आणि बोटाला चिखल लागला तर? मग झाड तहानलेलं नाही, गुदमरलेलं आहे. मुळांना वाफसा हवा, म्हणजे ओलही आणि हवाही. दोन्ही दुखण्यांत पानं सारखीच माना टाकतात, म्हणून तर बोट घालायला सांगतो.

ड्रिपर सारखे चोंदतात. टाचणीने साफ करतो, आठ दिवसांत पुन्हा तेच.

टाचणी आधी बाजूला ठेवा. तिने ड्रिपरचं तोंड मोठं होतं आणि त्या कुंडीला कायम जास्त पाणी जातं. चोंदलेला ड्रिपर उघडून आत काय आहे ते बघा. बोटांत खरखर लागली तर रेती: फिल्टरची जाळी फाटली आहे किंवा जागेवर बसलेली नाही. हिरवं बुळबुळीत असेल तर शेवाळ: पाण्याला कुठे तरी उजेड मिळतोय, बहुधा पारदर्शक नळी किंवा टाकीचं उघडं झाकण. पांढरा कडक थर असेल तर क्षार. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, फेस आला तर चुना. असे ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात ठेवले की मोकळे होतात.

ठिबकमधून खत देत असाल तर पूर्ण विरघळणारंच द्या. कंपोस्टचं पाणी कितीही गाळलं तरी मी नळीत सोडत नाही, ते झारीनेच घालतो. खत फिल्टरच्या आधी मिसळा, म्हणजे न विरघळलेले कण तिथेच अडकतील, आणि शेवटची पाच-दहा मिनिटं साधं पाणी चालवा. महिन्यातून एकदा एंड कॅप काढून पाणी सोडलं की पहिला लोट गढूळ येतो. तो बघितला की हे काम विसरायला होत नाही.

जमिनीतल्या जुन्या झाडाला खोडाशी एक ड्रिपर पुरेल का?

नाही. पाणी पिणारी बारीक मुळं खोडाशी नसतात, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात. इनलाइन नळीचं, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेल्या नळीचं, कडं त्या घेराखाली टाका. रेताड मातीत पाणी सरळ खाली उतरतं, तिथे ड्रिपरमधलं अंतर ३० सेंमी ठेवा. चिकण मातीत ते आडवं पसरतं, ४५ ते ६० सेंमी चालतं. खोडाभोवती सतत ओल राहिली तर बुंधा कुजतो.

निवडुंग आणि फर्न एकाच लायनीवर चालतील?

एकाच टायमरवर तरी नको. फर्नला वेगळा कॉक द्या, आणि निवडुंगाला ठिबक देऊच नका.

पंधरा दिवस गावाला जायचंय. टायमर आजच आणू का?

आणा, पण टायमर आणि प्रवास एकाच आठवड्यात नको. निघण्याआधी निदान दहा दिवस तो चालू द्या. कुठली कुंडी जास्त भिजते, कुठला जोड सुटतो, हे तुम्ही घरात असतानाच कळलेलं बरं. टाकीवर चालवणार असाल तर बॉल व्हॉल्वचा, म्हणजे आतला गोळा फिरवून पाणी उघडणारा, टायमर मागा. सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप हलवणाऱ्या, बऱ्याच टायमरना ती नीट उघडण्या-मिटण्यासाठी काही दाब लागतो. टाकीचा दाब कमी पडला तर झडप अर्धवट राहते आणि टाकी रिकामी होते. जाताना सेल नवे घाला, कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, मातीवर पालापाचोळ्याचा थर द्या. आणि शेजारी किल्ली ठेवाच, टायमर कितीही चांगला असला तरी.

माझ्याकडे आठच कुंड्या आहेत. ठिबक बसवू का?

नको. आठ कुंड्यांना झारीने पाणी घालायला पाच मिनिटं लागतात. फिल्टर धुवायला मला तेवढीच लागतात.